अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पहिल्या खाण्यासाठी पुरणयंत्र, वापरून लिहिलेला रिव्ह्यू

बाळ सहा महिन्यांचं व्हायला आलं की घरात खरेदीची यादी तयार होते. वाफवून वाटून देणारं इलेक्ट्रिक मशीन, जाळीचं फ्रूट फीडर, सिलिकॉनच्या वाट्या, तळाला चिकटणाऱ्या प्लेट्स, ऑनलाईन बघायला गेलं तर संपतच नाही. आमच्याकडे यातलं बरंच गिफ्ट म्हणून आलं, काही मी मागवलं, आणि ज्या वस्तूने खरंच रोज काम केलं ती म्हणजे साधं स्टीलचं पुरणयंत्र. होळीला पुरणपोळीसाठी माळ्यावरून खाली येतं ना, तेच. म्हणून त्याचाच रिव्ह्यू लिहितेय, कारण बेबी प्रॉडक्ट्समध्ये कोणी त्याचं नावच घेत नाही आणि नवीन आयांना ते सुचत नाही.

माझं घेतलेलं पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून, तिथे भांड्यांची दुकानं ओळीने आहेत, सातशेच्या आसपास पडलं. स्टेनलेस स्टीलचं आहे, तीन जाळ्या येतात, बारीक, मध्यम आणि मोठ्या भोकांची. ॲल्युमिनियमचं अर्ध्या किमतीत मिळत होतं पण मी नाही घेतलं, टोमॅटो लिंबू असलं आंबट त्यातून काढायचं असतं, आणि ते घासून घासून काळं पडतं, बाळाच्या खाण्याला तरी स्टीलच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मिक्सर असताना हे कशाला, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला, तर त्याचं उत्तर नीट देते कारण सगळा मुद्दाच तो आहे. मिक्सरचं पातं कापतं आणि पुरणयंत्राचं पातं दाबतं. उकडलेला बटाटा किंवा मऊ भात मिक्सरमध्ये फिरवला की त्यातला स्टार्च सगळा बाहेर येतो आणि चिकट गोंदासारखा लगदा होतो, मग तो फिरवता येत नाही म्हणून आपण पाणी घालतो, अजून घालतो, आणि शेवटी वाटीत येतं ते पातळ खळीसारखं काहीतरी. पुरणयंत्रात तोच भात जाळीतून दाबून खाली पडतो, मऊ असतो पण घट्ट राहतो, पाणी लागतच नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला नेमकं हेच हवं असतं, घट्ट पण मऊ.

घट्ट का ते सांगते. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हे आता बहुतेकींना माहीत आहे, जागतिक आरोग्य संघटना पण हेच सांगते आणि आपले डॉक्टर पण. सहा महिन्यांनंतर दूध बंद करायचं नसतं, दोन वर्षं आणि पुढेही चालू ठेवायचं असतं, पण नुसतं दूध पुरत नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय दिवसाला साधारण 200 कॅलरी वरच्या खाण्यातून लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत 300 च्या आसपास आणि वर्षानंतर 550. ऐकायला कमी वाटतं, पण बाळाचं पोट केवढं असतं, वजनाच्या किलोमागे साधारण 30 मिली म्हणजे सात किलोच्या बाळाचं 200 मिलीच्या आसपास. आता त्या एवढ्याशा पोटात आपण डाळीचं वरचं पाणी, भाताची पेज, पातळ सूप ओतलं तर पोट भरतं आणि कॅलरी मात्र नावालाच जातात, शिवाय पोट पाण्याने भरलं की बाळ अंगावरही कमी पितं. म्हणजे दोन्हीकडून तोटा. आपल्याकडे डाळीचं पाणी हे बाळाचं पहिलं अन्न म्हणून इतकं पक्कं बसलंय की सासूबाईंनीही तेच सांगितलं होतं, त्यांच्या काळी सगळे तेच देत होते, त्यांची माया त्यात आहेच. मी त्यांना म्हटलं, आई, पाण्याऐवजी खालची डाळच देऊया ना घोटून, सगळा जीव तर त्या डाळीत आहे. त्यांनीच मग पुरणयंत्राचं नाव काढलं, म्हणाल्या आमच्या आईकडे याच्यातूनच काढायचे आजारी माणसाचं खाणं.

टेस्ट सोपी आहे. चमच्यात घ्यायचं आणि चमचा तिरका करायचा, ओघळून गेलं तर पातळ झालं, चमच्यावर थांबलं आणि मग हळूच गोळ्याने पडलं तर बरोबर. पुरणयंत्रातून काढलेली मूगडाळ तांदळाची खिचडी न चुकता ही टेस्ट पास होते. एकदम सुरुवातीला फारच घट्ट वाटलं तर मी पाण्याऐवजी स्वतःचं काढलेलं दूध घालून सैल करायचे, चव ओळखीची असते म्हणून बाळ तोंड पटकन उघडतं आणि काही वायाही जात नाही. वरून अर्धा चमचा साजूक तूप. मीठ साखर काही नाही, वर्षाच्या आत मिठाची गरज नसते आणि साखर तर दोन वर्षांपर्यंत टाळलेली चांगली. मध वर्षाच्या आत अजिबात नाही, चाटण म्हणून बोटावर लावूनही नाही, त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा आजार, होऊ शकतो आणि तो बाळासाठी गंभीर असतो, यावर घरात कोणाशी भांडावं लागलं तरी भांडा.

आता जाळ्यांबद्दल. सुरुवातीचे काही आठवडे बारीक जाळी, दोन तीन चमचेच जातात तेव्हा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. सातवा आठवा महिना आला की मध्यम जाळी लावायची, यात बारीक कण राहतात, जीभ आणि हिरड्या कामाला लागतात. नवव्या महिन्याच्या आसपास मोठी जाळी किंवा सरळ हाताने कुस्करलेलं, सोबत हातात धरता येईल असं गाजराचं वाफवलेलं बोट, मऊ चपातीचा तुकडा, इडली. वर्षापर्यंत घरचंच जेवण, फक्त तिखट मीठ घालायच्या आधी बाजूला काढलेलं. ही पायरी पायरीने जाडी वाढवणं फार महत्त्वाचं आहे हो, नऊ दहा महिन्यांपर्यंत गाठी, कण असलेलं अन्न तोंडात गेलंच नाही तर पुढे मुलं जाडसर काही घेतच नाहीत, थुंकून टाकतात, आणि मग दोन वर्षांच्या मुलाला मिक्सरमधून काढून भरवणाऱ्या आया आपण सगळ्यांनी पाहिल्यात, त्या दमून जातात बिचाऱ्या. मिक्सरमध्ये ही पायरी साधता येत नाही, एकदा बटण दाबलं की एकतर सगळं गुळगुळीत नाहीतर खाली लगदा आणि वर अख्खा तुकडा. पुरणयंत्राची जाळी बदलली की टेक्स्चर बदललं, आणि सगळा घास एकसारखा, त्यात चुकून मोठा तुकडा नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा हाच.

जाडसर द्यायला लागलं की बाळ ऑक ऑक करतं, चेहरा लाल होतो, डोळ्यात पाणी येतं, घरातले घाबरतात. हे बहुतेक वेळा गॅगिंग असतं, बाळ स्वतःच घास पुढे ढकलतं, आवाज करतं, खोकतं, ते शिकण्याचाच भाग आहे. खरं गुदमरणं आवाजाशिवाय असतं, रडता येत नाही, खोकता येत नाही, तो फरक घरातल्या प्रत्येकाने शिकून ठेवा आणि बाळ खाताना कायम सरळ बसलेलं आणि नजरेसमोर असू द्या. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, फुटाणे हे लहान मुलांना नाहीच. पण शेंगदाणा म्हणजे अ‍ॅलर्जी म्हणून वर्षभर लांब ठेवायचा हा सल्ला जुना झाला, आता उलट उशीर करू नका असंच सांगतात, बारीक कूट करून लापशीत मिसळून द्यायचं, अंडंही तसंच, पूर्ण शिजवून. घरात कोणाला जोरदार अ‍ॅलर्जी असेल किंवा बाळाला फार एक्झिमा, म्हणजे कातडीवर खाजरे लाल चट्टे, असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून.

कशाकशाला चालतं ते सांगते. लाल भोपळा अप्रतिम, जणू त्याच्यासाठीच बनलंय. रताळं, त्याच्या दोऱ्या वरच अडकतात आणि खाली नुसता मऊ गर पडतो. वाटाणा, चवळी, मोड आलेली मटकी शिजवून घातली की सालं वर राहतात, लहान बाळाच्या घशाला ती सालंच चिकटतात म्हणून सुरुवातीला हे फार सोयीचं, मोठी जाळी आली की सालासकट जाऊ द्या. भिजवलेला खजूर, जर्दाळू, आम्ही उष्टावणाची खीर त्यानेच गोड केली, मामाच्या मांडीवर बसून लेकीने चांदीच्या वाटीतली चार चमचे खाल्ली, साखरेचा कण नव्हता तरी कोणाला काही कमी वाटलं नाही. सफरचंद कच्चं जात नाही, आधी वाफवावंच लागतं. पालक मेथीच्या काड्या अडकतात, पानंच घ्या. केळं, चिकू, पपई यांना यंत्राची गरजच नाही, काट्याने कुस्करा.

आणि नॉनव्हेज खाणाऱ्या घरांसाठी खास सांगते, चिकनची कलेजी. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊन येतं तो सहा महिन्यांच्या आसपास संपत येतो, आईच्या दुधातलं लोह छान शोषलं जातं पण मुळात असतं थोडं, त्यामुळे सहाव्या महिन्यानंतर लोह वरच्या खाण्यातूनच यायला हवं. कलेजी पूर्ण शिजवून मध्यम जाळीतून काढली की लोण्यासारखी उतरते, एखादा चमचा खिचडीत मिसळला, आठवड्यातून एकदा, बस. चिकनचे धागे मात्र पात्याला गुंडाळतात, ते इतकं मऊ शिजवायला लागतं आणि सोबत डाळ किंवा भोपळा घालून फिरवायला लागतं तेव्हा जातं, हा एक त्रास आहेच. शाकाहारी घरात डाळी, मटकी, हिरव्या भाज्या, आणि वरून लिंबाचे थेंब, सी व्हिटॅमिनने लोह चांगलं अंगी लागतं. तरी नुसत्या खाण्यावर विसंबू नका, सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं सिरप असतं, आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत विचारा आणि तुमच्या बाळाला किती द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

नाचणीबद्दल सगळ्या विचारतात म्हणून थोडं विषयांतर. नाचणीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला 300 मिग्रॅच्या वर, त्यासाठी तिचं कौतुक खरं आहे, पण लोहासाठी एकट्या नाचणीवर राहू नका. मोड आणून वाळवून दळलेली नाचणी घ्या, मोड आले की लापशी कमी घट्ट होते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं आणि कॅलरीही जास्त जातात. कोरड्या पिठासाठी पुरणयंत्र काही उपयोगाचं नाही हे उघड आहे, तिथे बचत गटाच्या बायका विकतात ते मोड आलेल्या नाचणीचं पीठ मला फार आवडलं, ताजं असतं, वास छान येतो. विकतचं डब्यातलं सिरीयल घेणार असाल तर डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा, साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली साखरेसारखी पटकन पचणारी पूड, किती आहे बघा. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अन्नाची जाहिरात करायला आपल्याकडे 1992 च्या कायद्याने बंदी आहे, डब्यावर बाळाचा फोटोही छापता येत नाही, इतकी ती गोष्ट सरकारने गंभीर धरलीय, आणि ते योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं.

आता तुलना. गिफ्ट आलेलं इलेक्ट्रिक स्टीमर ब्लेंडर, कंपनीचं नाव नाही लिहीत, पाच सहा हजारांच्या पुढचं, दिसायला गोड, पण सगळं एकाच जाडीचं गुळगुळीत करतं आणि पाणी घातल्याशिवाय फिरत नाही, म्हणजे परत तोच पातळपणा. शिवाय आवाज, दुपारी झोपलेलं बाळ दचकून उठायचं. पुरणयंत्राला आवाज नाही, वीज गेली तरी काम थांबत नाही, गावी नेलं तर पिशवीत मावतं. जाळीचं फ्रूट फीडर तर मी कोणालाच सांगणार नाही, बाळ त्यातून नुसता रस चोखतं, चावायला काही शिकत नाही आणि त्या जाळीत अडकलेलं फळ नीट निघत नाही, काळे डाग पडतात.

तक्रारी पण लिहिते, कारण त्या खऱ्या आहेत. पहिली, हे यंत्र मुळात अर्धा किलो डाळीच्या पुरणासाठी बनलंय, सुरुवातीला तीन चमचे खिचडी काढायला गेलात तर दोन चमचे पाती आणि जाळीच्या मधेच राहतात. त्या पहिल्या दिवसांसाठी स्टीलची चहाची गाळणी वेगळी ठेवा, त्यावर चमच्याच्या पाठीने दाबायचं, तेच तत्त्व, छोट्या मापात. यंत्र खरं कामाला येतं ते वाटीभर लागायला लागलं की, किंवा मग घरासाठी म्हणून जास्त भोपळा काढून बाळाचा भाग वेगळा आणि उरलेल्याचे घारगे किंवा भरीत.

दुसरी आणि मोठी तक्रार म्हणजे धुणं. लगेच धुवायचं, म्हणजे बाळाला भरवायला बसायच्या आधी निदान पाण्यात बुडवून तरी ठेवायचं, डाळ भोकात वाळली की मग टूथब्रशने एक एक भोक साफ करत बसावं लागतं. पातं, स्प्रिंग, स्क्रू सगळं उघडून धुवा, स्प्रिंगच्या आत खाणं अडकतं ते बाहेरून दिसत नाही. सहा महिन्यांनंतर बाळांना जुलाब लागायचं मोठं कारण हेच, भांडी आणि हात, त्यामुळे इथे आळस नको, मी जाळ्या मधूनमधून उकळत्या पाण्यातून काढते आणि उन्हात वाळवते. आमच्या यंत्राच्या स्क्रूवर काही महिन्यांनी गंज दिसला, बाकी सगळं स्टील पण तो बारका भाग साधा लोखंडी, दुकानदाराकडे गेले तर त्याने वाद न घालता स्टीलचा बदलून दिला, पण मुळातच द्यायला हवा होता. तो स्क्रू सुटा असताना बाळाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.

तिसरी, दोन हात लागतात, एकाने धरायचं एकाने फिरवायचं, कडेवर बाळ असेल तर जमत नाही. आमच्याकडे ते काम नवऱ्याने उचललं, सकाळी ऑफिसला जायच्या आधी डाळ भात काढून डब्यात, मी तेवढ्या वेळात शांतपणे अंगावर पाजून घेते. दूध मी द्यायचं, खाणं बाबाने बनवायचं, अशी वाटणी आपोआप झाली आणि त्याचा लेकीशी जेवणाचा जो वेळ असतो तो बघायला मला फार आवडतं.

एक धीर देणारी गोष्ट, अंगावर पिणाऱ्या बाळाने पहिले काही आठवडे चार चमच्यांच्या वर खाल्लं नाही तरी जीवाला लावून घेऊ नका. पहिल्या वर्षात निम्मी किंवा जास्त ताकद दुधातूनच मिळत असते. एखादी भाजी आज थुंकली म्हणजे आवडत नाही असं नाही, चार दिवसांनी परत द्या, मग परत द्या. शी बदलते, वास येतो, घट्ट होते, गाजर बीट दिल्यावर तसाच रंग येतो, वाटाण्याचं साल जसंच्या तसं बाहेर येतं, हे सगळं नॉर्मल. मोबाईल दाखवून, नाक धरून, जबरदस्तीने भरवू नका, तोंड फिरवलं की थांबायचं. वजन मात्र नियमित करा, अंगणवाडीत वजनाचा तक्ता भरतात, तो आलेख सपाट व्हायला लागला तर वाट न बघता दाखवा.

माझ्याकडून 5 पैकी 4. एक गुण धुण्याच्या कटकटीचा आणि त्या लोखंडी स्क्रूचा कापला.

घेताना ऑनलाईनपेक्षा दुकानात जा. तीनही जाळ्या तिथेच एक एक करून बसवून बघा, एखादी सैल असते आणि मग खिचडी कडेने तशीच खाली येते. पातं जाळीला सगळीकडे टेकतंय का ते दांडा फिरवून बघा, उलटाही फिरवा, उलट फिरवल्यावर चिकटलेलं सुटून वर यायला हवं. जाळीच्या भोकांवरून बोट फिरवा, कडा धारदार लागल्या तर ती नका घेऊ. पाय असलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या, पातेल्यावर नीट बसतं आणि एका हाताचं काम वाचतं. स्क्रूला लोहचुंबक लावून बघितलं तर दुकानदार हसेल, हसू द्या, पण तो चटकन चिकटला तर स्टीलचा मागून घ्या.